आकडा डावीकडे गेला

माझे यजमान वीज खात्यातून निवृत्त झाले आणि वर्ष व्हायच्या आत त्यांनी विजेवर चालणारी गाडी घेतली. जन्मभर लोकांच्या घरी वीज पोचवली, आता तिनं आपल्याला थोडं फिरवावं, असं ते शेजाऱ्यांना सांगत. नालवाडीतल्या आमच्या घरापुढे ती पांढरी गाडी आली तेव्हा गल्लीतली माणसं बोनेट उघडायला लावायची आणि आत इंजिन नाही म्हणून हसायची. यजमान त्यांना बॅटरी कुठे असते, कशी भरते, हे समजावत उन्हात उभे राहायचे. चार्जिंगचा बोर्ड त्यांनी स्वतः बसवला. अर्थिंगसाठी अंगणात खड्डा खणला, त्यात कोळसा आणि मीठ घातलं, आणि माझी तुळस भिंतीकडे सरकवली.

गाडीत त्यांचा जीव होता तो स्टेअरिंगमागच्या डिस्प्लेवर. काळा पडदा, मधोमध वेग, आणि उजव्या हाताला बॅटरी किती टक्के उरली तो आकडा. त्याखाली अजून किती किलोमीटर जाता येईल ते. डावीकडे कामाचं काही नव्हतं, घड्याळ आणि रेडिओ. बाकी गाडीवर धूळ बसलेली त्यांना चालायची, पण ती काच ते चष्म्याच्या कापडाने पुसत.

दर रविवारी आम्ही सिंदी रेल्वे या गावी जायचो. तिथे त्यांची मोठी बहीण राहते. गुडघे गेल्यामुळे ती कुठे जात नाही, म्हणून आम्हीच जायचो. निघताना बॅटरी किती, सेलूला किती, सिंदीत शिरताना किती, हे यजमान मोठ्याने वाचत. मी शेजारी बसून "हो का" म्हणायची. मी घरी ब्लाउज शिवते. गाडीत बसले की मांडीवर एखादा ब्लाउज आणि हातात हुकांची डबी असायचीच. स्टेअरिंगच्या आडून तो पडदा मला धड दिसायचा नाही आणि पाहावासा वाटायचाही नाही. ते वाचत होते ना, तेवढं पुरे होतं.

मग एका उन्हाळ्यात ते बदलले.

आधी मला वाटलं, उन्हाने माणूस चिडचिडा होतो. गाडीत मी बोलले तर समोर बघूनच उत्तर द्यायचे. गाडी चालवताना ते ठीकच आहे. पण घरीही तसंच सुरू झालं. जेवताना मी त्यांच्या डाव्या हाताला बसते, वाढायला ते सोयीचं पडतं. ते माझ्याकडे वळूनच बघेनात. एकदा मी गवारीची भाजी केली होती. ताटातला वरण-भात संपला, पोळी संपली, भाजी जशीच्या तशी.

"मीठ जास्त झालं का?" मी विचारलं.

"नाई."

"मग भाजी खाल्ली काऊन नाई?"

"कोणती भाजी?" ते म्हणाले आणि हात धुवायला उठले.

मला तो टोमणा वाटला. आयुष्यात कधी या माणसाने माझ्या स्वयंपाकाला नाव ठेवलं नव्हतं. मी आत जाऊन शिलाई मशीनवर बसले आणि उगाचच एक शिवण उसवून पुन्हा घातली. असे पुष्कळ दिवस गेले. निवृत्त झालेल्या माणसाला बायको डोळ्यासमोर नको होते, असं बायका म्हणतात. मी ते खरं मानलं आणि कमी बोलायला लागले.

त्याच दिवसांत गाडीचा डावा आरसा फाटकाला लागून फुटला. "फाटक खाली बसलं," ते म्हणाले आणि गवंडी बोलावून बिजागऱ्या बदलून घेतल्या. फाटक कुठेही बसलं नव्हतं. पण वीज खात्यातल्या माणसाशी बिजागरीवरून कोण भांडणार?

आमची मुलगी आमच्याकडेच असते. लग्न टिकलं नाही, परत आली, आणि वर्ध्यात एका लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करते. गाडीचं अ‍ॅप तिच्याच फोनमध्ये होतं. एका शनिवारी संध्याकाळी तिने स्वयंपाकघरातून हाक मारली, "बाबा, गाडीचं अपडेट आलं आहे. टाकू का?"

"टाकून दे," ते म्हणाले. "कंपनी काही वाईटासाठी थोडंच पाठवते?"

तिने टाकलं. गाडी अंगणात उभी होती, आतला पडदा काही वेळ उजळला, मावळला, आणि सगळं शांत झालं.

सकाळी आम्ही सिंदीला निघालो. यजमानांनी बटण दाबलं आणि तसेच बसून राहिले.

"बॅटरी कुठं गेली?"

"भरली नाही का?" मी म्हटलं.

"भरली तं होती. आकडाच नाई. इथं टायरचं चित्र आणून ठेवलं. टायर कायले पाहाचे मी?"

डिस्प्ले पार बदलला होता. पडदा काळ्याचा पांढरा झाला होता. उजवीकडे गाडीचं आणि चाकांचं चित्र आलं होतं. मुलगी लॅबला गेली होती, रविवारीही तिची पाळी असते. यजमानांनी कंपनीला दोन शिव्या घातल्या आणि काल रात्री पूर्ण चार्ज केली आहे या भरवशावर गाडी काढली. वाटभर ते आकडे वाचले गेले नाहीत. मला ते चुकल्यासारखं झालं.

संध्याकाळी मुलगी आली. त्यांनी तिला चप्पलही काढू दिली नाही, तसंच गाडीत बसवलं. ती म्हणाली, "बाबा, आहे ना. हे काय, डावीकडे आणलं त्यांनी. केवढा मोठा आकडा आहे."

ते खिडकीतून वाकले, मान वळवून तिच्या बोटाकडे बघितलं. "आत्ता आला. सकाळी नव्हता."

"सकाळीही असेलच."

"मी आंधळा आहो का? तू काहीतरी दाबलं. आता आला."

त्यानंतर ते रोजचंच झालं. गाडीत बसले की आकडा गायब. कोणी बोट दाखवलं की आकडा हजर. त्यांची खात्री पटली की अपडेटमध्ये दोष आहे, आकडा येतो नि जातो. विजेचा माणूस तो. लूज कनेक्शन म्हणजे काय हे त्याला सांगायला नको. ते सर्व्हिस सेंटरला गेले. तिथल्या माणसाने गाडी तपासली, सॉफ्टवेअर पुन्हा घातलं, स्वतः चालवून बघितली. "काका, सगळं ठीक आहे." दुसऱ्यांदा गेले तेव्हा तो म्हणाला, "चालवताना जातो म्हणता, तर चालवताना व्हिडिओ काढून आणा. वर पाठवतो."

व्हिडिओ काढायचं काम माझ्याकडे आलं. आम्ही नालवाडीतून निघून मोकळ्या रस्त्याला लागलो. मी पुढे झुकून, हात लांब करून फोन धरला. यजमान म्हणत होते, "पाहा, आता नाई. आता बी नाई. काढून राह्यली ना?"

"काढते आहे."

घरी येऊन मी चष्मा लावला आणि बघायला बसले. व्हिडिओत आकडा सुरुवातीपासून शेवटपर्यंत होता. एकदाही गेला नाही. आणि त्याच्यावर यजमानांचा आवाज, आता नाई, आता बी नाई. मला काहीतरी विचित्र वाटलं, पण काय ते समजेना. मी फोन त्यांच्यापुढे धरला.

"अहो, आहे ना इथं. सगळा वेळ आहे."

त्यांनी बघितलं. "वेग दिसते. टायर दिसते. बॅटरी कुठं दिसते?"

"ही काय!"

मी बोट ठेवलं. त्यांनी माझ्या हातातून फोन घेतला आणि पलंगावर फेकला. त्यांचं तोंड लाल झालं होतं. "तुम्ही दोघी माय-लेकी मिळून मले येडं ठरवून राह्यल्या. तिनं गाडी बिघडवली अन् तू तिले झाकून राह्यली."

मुलगी दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं. ती वळली आणि अंगणातले वाळलेले कपडे काढायला गेली. त्या दिवसापासून तो माणूस तिच्याशी बोलेना. तिने चहा दिला तर घ्यायचा, पण शब्द नाही.

तिसऱ्यांदा सर्व्हिस सेंटरला गेलो तेव्हा मी मुद्दाम सोबत गेले. ते तिथे ओरडले. जुना डिस्प्ले परत टाका, नाहीतर गाडी इथेच सोडून जातो, म्हणाले. जुनं आता परत टाकता येत नाही, तशी सोयच नसते, असं त्या माणसाने सांगितलं. परत येताना यजमान घुश्श्यात होते. आमच्या गल्लीत शिरायला डावीकडे वळावं लागतं. रस्त्याच्या डाव्या कडेने एक बाई समोरून सायकलवर सरळ येत होती. मला ती चांगली दिसत होती. हिरवी साडी, हँडलला पिशवी.

"अहो, सायकल!"

"कुठं?" त्यांनी विचारलं. आणि गाडी वळली.

आवाज मोठा झाला नाही. पिशवीतली वांगी रस्त्यावर पसरली. बाई पडल्या जागी बसून उजवं मनगट धरून रडत होती. माणसं जमली. यजमान खाली उतरून एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होते, "रस्ता खाली होता, कोणीच नव्हतं. रस्ता खालीच होता." एकाने त्यांची कॉलर धरली. मी मध्ये पडले, हात जोडले, ऑटो थांबवला. ती बाई आमच्याच मागच्या वस्तीतली होती. सावंगीला एका होस्टेलच्या मेसमध्ये पोळ्या करायला जायची. तिला आणि मला मागे बसवलं, यजमान पुढे ऑटोवाल्याजवळ बसले, आणि आम्ही सावंगीच्या हॉस्पिटलला गेलो. वाटेत मी मुलीला फोन केला. आमच्या पाठोपाठ ती स्कूटीवर पोचली.

मनगट मोडलं होतं. तिला प्लास्टर घालायला नेलं. यजमान बाकावर बसले होते, मी त्यांच्या उजव्या बाजूला. एक तरुण डॉक्टरीण डाव्या बाजूने आली.

"काका, गाडी तुम्ही चालवत होतात?"

त्यांनी काही उत्तर दिलं नाही. तिने पुन्हा विचारलं. ते माझ्याकडे वळले. "कोण बोलून राह्यलं?"

मला लाज वाटली. वाटलं, रागाने मुद्दाम करताहेत. पण त्या डॉक्टरणीने त्यांच्याकडे नीट बघितलं, आणि बाकाला वळसा घालून उजवीकडे येऊन उभी राहिली. "काका, गाडी तुम्ही चालवत होतात का?"

"हो बेटा," ते एकदम साध्या आवाजात म्हणाले. "ती बाई कुठून आली, समजलंच नाई. अन् गाडीचा डिस्प्ले बी बिघडला आहे."

तिने त्यांना तिच्या नाकाकडे बघायला सांगितलं आणि दोन्ही हात बाजूला पसरून बोटं हलवली. कोणता हात हलतो आहे? उजवीकडचा त्यांनी बरोबर सांगितला. डावीकडचा ती कितीतरी वेळ हलवत होती. मी तो हात बघत होते, माझी मुलगी बघत होती. यजमान शांतपणे वाट बघत होते, जणू अजून काही सुरूच झालेलं नाही.

मेंदूचं स्कॅन झालं. संध्याकाळी एका वयस्कर डॉक्टरांनी आम्हा दोघींना आत बोलावलं. मेंदूत उजव्या बाजूला, मागच्या अंगाला गाठ होती. डोळे चांगले आहेत, ते म्हणाले. पण डावीकडचं डोळ्यांनी घेतलं तरी मेंदूपर्यंत पोचत नाही, तिकडून आलेला आवाजही कधीकधी हरवतो. आणि पोचत नाही हे त्यांना स्वतःला जाणवतही नाही. त्यांच्या लेखी तिकडे काही नाहीच.

"कधीपासून आहे हे?" डॉक्टरांनी विचारलं.

"अपडेट आल्यापासून," मुलगी म्हणाली.

"कसलं अपडेट?"

तिने सगळं सांगितलं. डॉक्टरांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "गाठ त्याच्या फार आधीची आहे. आकडा उजवीकडे होता तोवर त्यांना दिसत होता, म्हणून कोणाला समजलं नाही. डावीकडे गेला आणि समजलं."

मी तिथे खुर्चीवर बसून मागे मागे जात राहिले. फुटलेला आरसा. उगाच दोष सोसलेलं फाटक. गवारीची भाजी. आणि मी. जेवताना मी डावीकडे. गाडीत मी डावीकडे. तो माणूस माझ्यावर रुसला नव्हता. त्याच्याजवळ मी बसलेलीच नव्हते.

नागपूरला ऑपरेशन झालं. गाठ सगळी निघाली नाही. मग किरणांचा शेक देणं सुरू झालं. मुलीने लॅबमधून सुट्ट्या घेतल्या, मी शिवण बंद केली. पहिले काही आठवडे ते बरे वाटत होते, स्वतःच्या पायांनी अंगणात येत होते. मग डावा पाय ओढायला लागले, मग बिछान्यावर आले. आम्ही पलंग फिरवून घेतला, खोलीत येणारं माणूस त्यांच्या उजव्या बाजूने यावं म्हणून. मी आता उजवीकडे बसायची. ते माझ्याशी बोलायचे, जुनं जुनं बोलायचे, सिंदीच्या घरचं, पहिल्या बदलीच्या गावाचं. कितीतरी महिन्यांनी माझ्याशी कोणीतरी बोलत होतं आणि तो माणूस चालला होता.

एक गोष्ट मात्र त्यांनी कधी मान्य केली नाही. स्कॅन दाखवलं, डॉक्टरांनी समजावलं, ते मान हलवायचे. भेटायला कोणी आलं की सांगायचे, "डोक्यात गाठ निघाली, ते वेगळं. पण गाडीचं कंपनीनं बिघडवलं. अर्धा डिस्प्लेच काढून टाकला." लोक माझ्याकडे बघायचे. त्यांच्या आग्रहामुळे मुलीने कंपनीला लिहिलं. जुना डिस्प्ले देता येणार नाही, आपल्या सूचनेबद्दल आभारी आहोत, असं उत्तर आलं. तिने ते त्यांना वाचून दाखवलं. ते डोळे मिटून पडून राहिले.

तिच्यावरचा राग गेला नाही. मला वाटलं होतं, आजारात माणूस विरघळतो. ती त्यांची दाढी करायची, अंग पुसायची, कूस बदलायची. एकदा गालाला साबण लावता लावता ती म्हणाली, "बाबा, मी विचारलं होतं तुम्हाला. टाकू का, म्हणून."

"मी नाई म्हटलं होतं," ते म्हणाले.

मी तिथेच होते. त्यांनी 'टाकून दे' म्हटलेलं मी माझ्या कानांनी ऐकलं होतं. मी बोलायला तोंड उघडलं, तर तिने मला डोळ्यांनी थांबवलं आणि दुसऱ्या गालाला साबण लावला. नंतर हौदाजवळ वाटी धुताना ती म्हणाली, "त्यांना तसंच आठवतं, आई. खोटं नाही बोलत आहेत."

"पण तू टाकलं नसतं तर गाठ कळलीच नसती."

"कळून काय झालं?" ती म्हणाली.

नागपूरच्या डॉक्टरांना मी विचारलं होतं, दोन-चार महिने आधी आलो असतो तर? फार फरक पडला नसता, ते म्हणाले होते. मी ते मुलीला सांगितलं नव्हतं, पण बहुतेक तिनेही वेगळं गाठून विचारलं असावं.

थंडीत ते गेले. दुपारची वेळ होती, ऊन खिडकीतून पायावर आलं होतं. मुलगी पेज घेऊन आली आणि चमचा ओठाला लावला, तो त्यांनी घेतला नाही. तिने मला हाक मारली. शेवटपर्यंत ते तिच्याशी नीट बोलले नाहीत. गाडी आता तीच चालवते, लॅबला नेते. मी मागच्या सीटवर बसते. पुढे ये म्हणून ती दोनदा म्हणाली, मग म्हणेनाशी झाली.

त्या सायकलवाल्या बाईकडे आम्ही अधूनमधून जात होतो. तिचं हाड वाकडं जुळलं. पुन्हा ऑपरेशन करू म्हटलं तर ती भ्यायली, नको म्हणाली. लाटणं फिरवता येईना, म्हणून मेसवाल्यांनी तिला पोळ्यांवरून काढून भाज्या निवडायला बसवलं. तिथेही विळीवर हात चालत नाही, दुसऱ्या बाया चिरतात, ती नुसती निवडते. तिने आमच्याबद्दल कधी वाईट शब्द काढला नाही, त्यामुळे तिच्या दारात उभं राहणं जास्त जड जायचं.

तेरावं झाल्यावर ती आमच्याकडे आली. ओट्यावरच बसली, आत ये म्हटलं तर आली नाही. मग म्हणाली, "बाई, एक बोलू का? राग नोका मानू."

"बोल ना."

"त्या दिवशी मी ब्रेक मारू शकत होती. मारला नाई. साहेबाचं तोंड सरळ मायाकडं होतं. काचातून मले दिसत होतं. मले वाटलं, साहेबानं मले पाह्यलं, आता थांबते गाडी."

"त्यांना दिसत नव्हतं गं."

"हाव, ऐकलं मी. पण मायाकडंच पाहून राह्यले होते." ती स्वतःच्या मनगटाकडे बघत होती. "मी हासली बी होती, बाई. वळखीचे होते ना, गल्लीतले."

मी चहा टाकायला आत गेले. दूध वर आलं तरी मला गॅस बंद करायचं सुचलं नाही. मुलीने मागून येऊन केला. तिने कप बाहेर नेऊन दिला. त्या बाईने तो दोन्ही हातांनी धरला आणि गरम होता तरी खाली न ठेवता संपवला. मग उठली, साडी झटकली, आणि "येतो बाई" म्हणून निघून गेली.